सिगरेट सुटली, आता चहाकडे बघ

बेटा,

मेसेज वाचला. सिगरेट बंद करून चार दिवस झाले, झोप येत नाही, छातीत धडधडतं, म्हणून 'एखादी ओढून बघू का?' असं विचारतोस. अजिबात नको. आधी सांग, चहा किती होतो दिवसाला? पानठेल्यावरचाही धर.

सिगरेटच्या धुरातले काही घटक यकृताला कॅफीनचा निपटारा भराभर करायला लावतात. हे काम निकोटिनचं नाही, धुराचं. त्यामुळे ओढणाऱ्याला सहा-सहा कप चहा पचून जातो. धूर थांबला की काही दिवसांत यकृताचा तो वेग उतरतो आणि तेवढाच चहा अंगात जास्त वेळ रेंगाळतो. धडधड, चिडचिड, रात्रभर टक्क जागं राहणं, आणि माणसाला वाटतं सिगरेटची तलफ आली. निकोटिन सुटतानाही झोप बिघडतेच, पण त्यात चहाची भर कशाला? निम्म्यावर आण. एकदम बंद करू नकोस, डोकं धरेल. धडधड तरीही राहिली तर डॉक्टरला दाखव, उगाच अंगावर काढू नकोस.

दुसरं, सिगरेट सोडायला चघळतात ते निकोटिनचं गम. दुकानात माझ्यासमोर पाकीट फोडून लोक गोळी-चॉकलेटसारखं चावत सुटतात, एका हातात चहा. मग उचकी लागते आणि 'काका, फालतू आहे हे' म्हणतात! दोन-चारदा चाव, जिभेला झणझण लागली की गालात दाबून ठेव. झणझण गेली की पुन्हा चाव. असं अर्धा तास. निकोटिन गालाच्या आतून शोषलं जातं. चहा, कॉफी, कोल्ड्रिंक, संत्र्याचा रस यांनी तोंड आंबट होतं आणि शोषण घटतं. म्हणून गमच्या आधी पंधरा मिनिटं आणि ते तोंडात असेपर्यंत पाण्याशिवाय काही नको.

खाण्याचं म्हणशील तर २००७ साली अमेरिकेत ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी ओढणाऱ्यांनाच विचारलं होतं. दारू, कॉफी, मांस यांच्यासोबत सिगरेट बरी लागते आणि दूध, पाणी, फळं, भाज्यांनी बेचव होते, असं बऱ्याच जणांनी सांगितलं. आपल्याकडे जेवणानंतर ताक आहेच, ते घे. हंगामात संत्रं सोलत बस, हातालाही काम मिळतं. गम आणि संत्रं यांत मात्र अंतर ठेव.

भूक वाढेल. निकोटिन भूक दाबतं, म्हणून तर तुमची सकाळ नुसत्या चहा-सिगरेटवर निघायची आणि अकराला तर्री-पोह्यावर तुटून पडायचात, वर तर्री दोनदा मागून. आता जिभेला चव परत येईल, तीच तर्री तिखटजाळ लागेल. घरून खाऊनच निघ. वर्षभरात चार-पाच किलो वजन वाढणं नेहमीचंच आहे, त्याला घाबरून परत ओढू नकोस.

आणि खर्रा नको रे! सिगरेट सोडली म्हणून पन्नी घोटत बसलेले मी रोज बघतो. तोही तंबाखूच आहे, वर सुपारी.

शनिवारच्या सावजी मटणाच्या बैठकीला महिनाभर जाऊ नकोस. दारू आणि धूर मिळून तोंडाच्या, घशाच्या कॅन्सरचा धोका दोन्हींच्या बेरजेपेक्षाही वाढवतात. शिवाय दुसऱ्या पेगनंतर शेजारच्याने पाकीट पुढे केलं की तू नाही म्हणशील, असं मला वाटत नाही. फारच आग्रह झाला तर मटण घरी मागव आणि आईलाही वाढ.

तुझा
मेडिकलवाला काका