कॅनोइंग क्लबच्या फलकावर पदकांची लांबलचक यादी आहे. ती कितपत खरी धरायची?

पदकांची संख्या बाजूला ठेवा आणि क्लबकडे मूळ निकालपत्रकं मागा. स्प्रिंटला, म्हणजे सरळ मार्गावरच्या छोट्या शर्यतीला, साधारण नऊ लेन असतात. नोंदणी तेवढ्यात बसली तर हीट (प्राथमिक फेरी) न घेता थेट फायनल होते. सी-२ (दोघांची कॅनू) सारख्या प्रकारात, त्यातही ज्युनिअर गटात, कधी कधी चारच बोटी उतरतात. त्यातल्या कांस्यापेक्षा हीट आणि सेमीफायनल पार करून आलेला सहावा नंबर मला केव्हाही भारी वाटतो.

के-४ (चौघांची कयाक) मध्येही हिशेब फुगतो. चौघांनी एक शर्यत जिंकली की फलकावर चार सुवर्णपदकं चढतात. म्हणून शर्यती मोजा, आणि चौघं त्याच क्लबचे होते का तेही बघा.

नुसत्या वेळेवर जाऊ नका. समोरून वारा आला की १००० मीटरला सहज दहा-पंधरा सेकंद जातात आणि उथळ पाण्यात बोट जड होते. त्याच शर्यतीतल्या विजेत्यापासूनचं अंतर बघा. के-१ (एकट्याची कयाक) मध्ये एक सेकंद म्हणजे चार-पाच मीटर, जवळपास एक बोट (कमाल लांबी ५.२० मीटर). अव्वल दर्जाचा अंदाज हवा असेल, तर टोकियो ऑलिंपिकमध्ये हंगेरीच्या बालिंत कोपासने १००० मीटर ३:२०.६४३ मध्ये मारलं होतं.

क्लबचा खरा कस मॅरेथॉनमध्ये, म्हणजे लांब पल्ल्याच्या शर्यतीत, लागतो. १००० मीटरपर्यंतच्या स्प्रिंटमध्ये दुसऱ्याच्या लाटेचा फायदा घ्यायला बंदी आहे, मॅरेथॉनमध्ये तोच सगळा खेळ. पुढच्या बोटीच्या बाजूच्या लाटेवर आपलं टोक बसवलं की बरीच ताकद वाचते. मग येतं पोर्टेज: काठाला लागायचं, बोट उचलून पळायचं, पुन्हा पाण्यात. इथे तीन-चार सेकंद गेले की घोळका निसटतो, लाट जाते आणि उरलेलं अंतर एकट्याने ओढावं लागतं. घाईत बोट काठावर घासली की सुकाणू वाकतं, म्हणजे शर्यत संपलीच. त्यामुळे एकाच क्लबच्या चार-पाच बोटी पुढच्या घोळक्यात टिकत असतील, तर तिथे सराव नीट होतो. इंग्लंडमधल्या डिव्हायझेस ते वेस्टमिन्स्टर शर्यतीत १२५ मैल आणि ७७ पोर्टेज असतात. तिथे नुसतं पोचणंही नोंदवण्यासारखं.

नावंही जुळवून पाहा. १८ वर्षांखालचे विजेते पुढे २३ वर्षांखालच्या आणि सीनिअर गटात दिसतात का? दर दोन वर्षांनी सगळी नावं बदलत असतील, तर मुलांकडून फार लवकर फार काम करून घेतलं जातंय असं समजायला जागा आहे.

आणि बाद झालेल्या बोटींचा रकाना वाचायला विसरू नका. शर्यतीनंतर बोटीचं वजन होतं. स्प्रिंटचा के-१ किमान १२ किलो लागतो, मॅरेथॉनचा ८. वजन कमी भरून निकाल रद्द झाला असेल तर दोष खेळाडूचा नाही. निघण्यापूर्वी काटा लावायचं काम प्रशिक्षकाचं असतं.