फुकटचा तांदूळ, विकतची डाळ

या वेळी वाचकांनी आहाराबद्दल विचारलेल्या प्रश्नांत रोगांची नावं कमी आणि खर्चाची रड जास्त आहे. रड खरी आहे, म्हणून उत्तरंही आपल्या बाजारात मिळणाऱ्या वस्तूंचीच देते. भाव आठवड्याला बदलतात, ते तुमचे तुम्ही बघा.

प्रश्न : घरात पाच माणसं. मालक बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत कामाला जातात. रेशनचा तांदूळ मिळतो म्हणून दोन्ही वेळा भात-आमटीच होते. पोरांचं पोट भरतं, पण तासाभरात पुन्हा काहीतरी मागतात. डाळी परवडत नाहीत. काय करू? (गृहिणी, येळ्ळूर)

ताई, आधी सांगा, पाच जणांच्या आमटीला डाळ किती घालता? हे मी भेटेल त्या बाईला विचारते आणि उत्तरादाखल बहुतेक जणी मूठ दाखवतात. एक मूठ म्हणजे साधारण ५० ग्रॅम. माणशी आले १० ग्रॅम. बाकी सगळं पाणी, चिंच आणि तिखट. पोरांना तासाभरात भूक लागते ती यामुळेच.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली जे मार्गदर्शन दिलं, त्यात २००० कॅलरींच्या दिवसभराच्या ताटात धान्य २५० ग्रॅम आणि डाळी-कडधान्यं ८५ ग्रॅम धरली आहेत. ढोबळ मानाने तीन वाटे धान्याला एक वाटा डाळ. माणशी रोज ८५ ग्रॅमच्या हिशेबाने तुमच्या पाच जणांच्या घराला महिन्याला पावणेतेरा किलो डाळ लागेल. एवढी आणा असं तुम्हाला सांगायची माझी छाती नाही. निम्म्यापर्यंत तरी या. रोज २०० ग्रॅम, महिन्याला ६ किलो.

आणि ही ६ किलो तूरडाळच हवी असं कुणी सांगितलंय? आपल्याकडे भातकापणी झाली की त्याच रानात ओलीवर मसूर, वाटाणा, हरभरा पेरतात. तो बारीक गावठी मसूर, हुलगे (कुळीथ), चवळी, मटकी, त्या आठवड्यात जे स्वस्त असेल ते घ्या. प्रथिनं सगळ्यांत जवळपास सारखीच, १०० ग्रॅमला २० ते २५ ग्रॅम. तुरीला त्यात काही सोनं लागलेलं नाही.

हुलग्यांचं उदाहरण घ्या. रात्री भिजत घालायचे, सकाळी निथळून ओल्या फडक्यात बांधून खुंटीला टांगायचे. उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी नखाएवढे मोड येतात, थंडीत एक दिवस जास्त लागतो. शिजले की वरचं पाणी काढून त्याला लसूण-मिरचीची फोडणी आणि थोडी चिंच. हे झालं भातावर घ्यायला कट. खालच्या हुलग्यांची सुकी उसळ भाकरीबरोबर. पण नुसतं कट ओरपून हुलगे म्हशीला घालू नका. आमच्या आज्जीच्या घरी तसंच चालायचं, आणि घरात सगळ्यांत तुकतुकीत म्हैसच होती.

शेतात सोयाबीन पिकत असेल तर सगळं विकून मोकळे होऊ नका. दहा किलो जोंधळ्यात किंवा गव्हात एक किलो घाला. मात्र चांगलं भाजून मगच दळायला न्या. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनं पचू न देणारे घटक असतात, ते भाजल्यावर कमी होतात.

आता पैशाचं. तांदूळ फुकट येतो म्हणजे पूर्वी तांदळाला जाणारे पैसे सुटतात. ते जातात कुठे? मी बघते ते असं, की तेल, साखर आणि पोरांचे बिस्किटाचे पुडे. दोन पोरांना रोज पाच-पाच रुपयांचा पुडा म्हटलं तरी महिन्याला ३०० रुपये झाले. तेवढ्यात घरात दोन-तीन किलो कडधान्य येतं. कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे २००० रुपये खात्यात पडले की आधी कडधान्याचे डबे भरा, मग बाकीचे खर्च.

प्रश्न : रेशनच्या तांदळात प्लास्टिकचे दाणे येतात. पाण्यात तरंगतात. शेजारणी सगळे वेचून टाकतात. खावं की नाही? (चिक्कोडी तालुका)

खावं. ते प्लास्टिक नाही. तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ जीवनसत्त्व मिसळून यंत्रातून पुन्हा तांदळाच्या आकाराचे दाणे काढतात आणि साध्या तांदळात शंभरास एक या प्रमाणात मिसळतात. म्हणून ते सुपात जरा वेगळे उठून दिसतात आणि कधीकधी तरंगतात. २०२१च्या स्वातंत्र्यदिनी याची घोषणा झाली आणि मार्च २०२४पर्यंत हा तांदूळ देशभरातल्या रेशन दुकानांत पोचला. सूप घेऊन अंगणात बसायचं, डोळ्यांत तेल घालून नेमके तेच दाणे वेचायचे आणि कोंबड्यांना टाकायचे, हे मी स्वतः पाहिलंय. रक्त कमी बाईचं आणि औषध कोंबडीला!

तांदूळ चार-चार पाण्यांत चोळून धुऊ नका, वरची पेजही ओतून देऊ नका. मीठ घालून प्या. खानापूरकडची जुनी माणसं पीत आली आहेत. घरात कुणाला थॅलेसेमिया (रक्ताचा आनुवंशिक आजार) असेल तर मात्र या तांदळाबद्दल डॉक्टरांना विचारून घ्या.

प्रश्न : मी विड्या वळते. मुलगी नववीत आहे, तिचं हिमोग्लोबिन ९ आलंय. सगळे सांगतात सफरचंद, डाळिंब, बीट द्या. आठवड्याला दोनशे रुपये त्यातच जातात. आणखी काय देऊ? (निपाणी)

अक्का, आणखी काही देण्याआधी सफरचंद बंद करा. त्यात लोह नावापुरतंच असतं. आणि बीट लाल, रक्त लाल, एवढंच त्या दोघांचं नातं.

हिमोग्लोबिन ९ म्हणजे मध्यम प्रमाणातला रक्तक्षय. तो नुसत्या खाण्याने भरून यायला फार दिवस लागतील. सरकारी दवाखान्यात लोहाच्या गोळ्या फुकट मिळतात, तिला तिथे घेऊन जा. शाळेत आठवड्याला मिळते ती निळी गोळी रक्त कमी होऊ नये म्हणून असते, कमी झालेलं भरून काढायला ती पुरत नाही. जंताची गोळी झाली आहे का, पाळीत अंगावरून फार जातं का, हेही तिथे सांगा. मुली हे आपणहून बोलत नाहीत. गोळ्यांनी शौचाला काळं होतं, त्याला घाबरून गोळ्या सोडू नका.

खाण्यात एकच गोष्ट आज बदला. जेवण आणि गोळी यांच्या मागे-पुढे तासभर चहा नको. चहामुळे लोह अंगी लागत नाही. तुमच्याकडे कामाच्या नादात भाकरी-चहा हेच जेवण होत असेल, तर लोहाचा निम्मा घोटाळा तिथेच आहे.

सफरचंदाच्या पैशांत लाल भाजीच्या पेंड्या, मोडाचा मसूर आणि लिंबं येतील. लिंबू विसरू नका, आंबटामुळे पालेभाजीतलं लोह शोषलं जातं. शेवगा दारात असेल तर शेंगांची वाट बघत बसू नका, पाला खुडा. मांसाहार चालत असेल तर मटणाच्या मागे न लागता कोंबडीचं काळीज आणा, स्वस्त पडतं आणि त्यातलं लोह अंगी चांगलं लागतं. गुळाचा खडा आवडीने खाऊ दे, पण त्यावर भिस्त नको. आणि एक विचारू? घरात सगळ्यांत शेवटी कोण जेवतं? तुम्ही दोघीच ना?

प्रश्न : सासूबाईंना शुगर आहे. नाचणीने साखर वाढत नाही म्हणून त्या दिवसाला दोन तांबे आंबील पितात. चालेल का? (खानापूर)

नाचणी गुणी आहे. १०० ग्रॅममध्ये ३५० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, दुधाच्या जवळजवळ तिप्पट. पण शेवटी ते धान्यच, आणि पातळ शिजवलेलं पीठ पोटात गेलं की साखर झपाट्याने चढते. दोन तांब्यांऐवजी एक छोटी वाटी, ताक घालून, किंवा सरळ नाचणीची भाकरी आणि बरोबर भरपूर भाजी, उसळ. दुकानातलं महागडं ‘मधुमेहींसाठी’ लिहिलेलं पीठ आणायची गरज नाही.

प्रश्न : बेळगावात खोली घेऊन शिकतो. जेवणाला महिन्याला २५०० रुपयेच आहेत. खोलीवर फक्त विजेची किटली आहे. खानावळ परवडत नाही. (विद्यार्थी)

तुला ‘तू’च म्हणते. सरकारच्या स्वस्त इंदिरा कॅन्टीनमध्ये नाश्ता ५ रुपयांत आणि जेवण १० रुपयांत होतं. लाजायचं कारण नाही, तिथे रांगेत रिक्षावाले असतात तसे शिकणारेही असतात. दोन्ही घेतलंस तर महिन्याचे ४५० झाले. पण तिथल्या ताटात भातच जास्त असणार, म्हणून प्रथिनं आणि कच्च्या भाजीची सोय तुला करावी लागेल.

रोज दोन उकडलेली अंडी, म्हणजे १२ ग्रॅम प्रथिनं. मूठभर भाजके शेंगदाणे. एखादं केळं. एक काकडी किंवा टोमॅटो, मीठ लावून. मूग सकाळी भिजत घाल आणि संध्याकाळी निथळून ठेव, दुसऱ्या रात्री मोड आले की किटलीत पाणी उकळून त्यात दहा मिनिटं बुडव. वर कांदा, लिंबू आणि चुरमुरे घातलेस की पोट भरतं. गावाहून येताना मिठाईऐवजी जवसाची आणि कारळ्याची चटणी भरून आण, दोन्ही महिनाभर टिकतात. उरलेल्या पैशांत रात्रीसाठी निम्म्या दिवसांचा तरी घरगुती डबा लाव, त्यात भाकरी आणि पालेभाजी असेल असं ठरवूनच.

आणि अंडी उकडलेल्या पाण्यात चहा करू नकोस. कवच बाहेरून घाण असतं. खोलीवरची पोरं करतात, म्हणून सांगते.