आमच्या पांढऱ्या शीत्झू कुत्र्याची दाढी तांबूस पडते आणि वास मारते. रोज धुतो तरी जात नाही. काय करावं?

रोज धुता म्हणूनच जात नसेल, असं म्हटलं तर राग मानू नका. जळगावात माझं कुत्र्यांना अंघोळ घालायचं, केस कापायचं दुकान आहे. तांबड्या दाढीची तक्रार घेऊन येणारे बहुतेक जण हेच सांगतात, "भाऊ, दिवसातून दोनदा तोंड धुतो त्याचं." मी विचारतो, धुतल्यावर वाळवता कसं? "ते काय, वाळतं आपोआप." खरी गोम तिथेच आहे.

तो तांबूस रंग धुतला नाही म्हणून आलेला मळ नसतो. कुत्र्याच्या लाळेत आणि अश्रूंत पॉर्फिरिन नावाचं लोह असलेलं द्रव्य असतं. शरीरातल्या जुन्या तांबड्या पेशी मोडतात त्यातून ते तयार होतं. काळ्या लॅब्राडॉरच्या लाळेतही ते असतंच, फक्त दिसत नाही. पांढऱ्या केसात ते मुरतं आणि ऊन लागलं की आणखी गडद होतं. वास मात्र बहुधा यीस्ट नावाच्या बुरशीचा असतो. दाढी सतत ओलसर राहिली की त्या उबेत यीस्ट माजतं, केस चिकट होतात, आंबूस वास सुटतो आणि तांबडेपणात तपकिरीची भर पडते. म्हणजे धुऊन ओली सोडलेली दाढी न धुतलेल्या दाढीपेक्षा वाईट.

आता खान्देशातलं म्हणून एक आधी तपासा: डाग लाळेचा आहे की हळदीचा? हसू नका. घरात कुत्र्याला ब्रँडेड खाऊ देतात आणि दुपारी आजी गुपचूप वरणात कुस्करलेली पोळी भरवते, अशी घरं मला चिक्कार माहीत आहेत. रविवारी शेवभाजीच्या तर्रीत बोट बुडवून चाटवणारे काकाही असतात. पिंप्राळ्याच्या एका ताईंनी घाबरून फोन केला होता की कुत्र्याच्या तोंडाला साबण लावला आणि दाढी लालभडक झाली, रक्त येतंय का? रक्त कुठलं, हळदच ती. अंगाचा साबण अल्कधर्मी असतो, त्याने हळद लाल होते. चुना घालून हळदीचं कुंकू करतात, तोच प्रकार. भरपूर पाण्याने धुतल्यावर दाढी परत पिवळी झाली आणि आजीचं गुपित फुटलं.

ओळखायची सोपी खूण म्हणजे ऊन. हळदीचा डाग उन्हात फिका पडतो, लाळेचा गडद होतो. त्यासाठी कुत्र्याला उन्हात बांधायची गरज नाही, सकाळी अंगणात हिंडताना लागतं तेवढं पुरे. हळद निघाली तर डागाची फार काळजी करू नका, पण वरणाची करा. फोडणीतल्या कांदा-लसणाने कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात, अशक्तपणा येतो. पोळीचा कोरडा तुकडा दिला तर आजीचंही मन राखलं जातं.

लाळेचा डाग असेल तर मुख्य काम दाढी कोरडी ठेवण्याचं. पाणी पिऊन झालं, खाऊन झालं की जुन्या सुती साडीच्या तुकड्याने दाढी टिपून घ्या. चोळू नका, चोळल्याने गुंते होतात आणि गुंत्यात ओल अडकते. ओठाच्या घडीत बोट घालून तिथलंही टिपा. वरून दाढी खडखडीत आणि घडीत चिखल, असं पुष्कळदा बघतो. घडी लाल दिसली, हात लावू देत नसेल, तर तिथे संसर्ग आहे. मग घरगुती उपाय थांबवून डॉक्टरांना दाखवा.

धुणं रात्रीच्या जेवणानंतर एकदाच. कोमट पाणी, कुत्र्यांचा डोळ्यांना न झोंबणारा शाम्पू एखादा थेंब, आणि स्टीलचा कंगवा. केसांच्या टोकाकडून सुरुवात करून हळूहळू मुळाकडे जा, नाहीतर ते विव्हळेल आणि उद्या कंगवा दिसला की पलंगाखाली जाईल. शाम्पूचा अंश राहू देऊ नका. मग टॉवेल, मग ड्रायर, पण थंड हवेवर. पूर्ण वाळल्यावर चिमूटभर कॉर्नफ्लोअर केसात दाबून लावा आणि ब्रशने झाडून टाका. उरलीसुरली ओल ते ओढून घेतं. नाकाजवळ पीठ उडवू नका. टाल्कम पावडर नको, बोरिक पावडर तर अजिबात नको, कारण दाढीवरचं सगळं शेवटी कुत्र्याच्या पोटातच जातं.

भांड्याचंही बघा. प्लास्टिकचं असेल तर काढा, त्याच्या चरांत जंतू राहतात. स्टील किंवा चिनीमातीचं घ्या आणि रोज घासा. लांब नाकाच्या कुत्र्याला अरुंद तोंडाचं भांडं चालतं, दाढी बाहेर राहते. शीत्झूचं नाक चपटं, त्याला त्यात तोंड घालताच येत नाही. मधे तरंगती तबकडी असलेलं भांडं मिळतं, त्यात एका वेळी थोडंच पाणी वर येतं, ते त्याला बरं पडतं. बोअरचं पाणी असेल आणि बादलीच्या कडेला तांबूस वळं येत असेल, तर पाण्यातच लोह आहे. पिण्याला आणि तोंड धुवायला गाळलेलं पाणी वापरा. पण आरओ लावला की दाढी पांढरी होईल, या भ्रमात राहू नका. लाळेतलं लोह आतून येतं.

आपल्याकडच्या मे महिन्याचं वेगळं सांगायला हवं. भुसावळ-जळगावला पारा ४५ च्या पुढे जातो, कुत्रं दिवसभर धापा टाकतं, सारखं पाणी पितं, दाढी वाळायला वेळच मिळत नाही. दाढीसाठी पाणी तोडणारे महाभाग मी पाहिलेत. चपट्या नाकाच्या कुत्र्याला उष्माघात पटकन होतो, तेव्हा हे चुकूनही करू नका. दाढी तांबडी राहिली तरी चालेल. याच कारणासाठी पाण्यात व्हिनेगर घालायचा सल्लाही मला पटत नाही. चव बदलली की काही कुत्री पाणी कमी पितात.

डाग 'घालवणाऱ्या' वस्तूंबद्दल माझं मत कडक आहे. हायड्रोजन पेरॉक्साइडने रंग उतरतो खरा, पण केस रखरखीत होतात आणि थेंब डोळ्यात गेला तर इजा होते. लिंबू, खायचा सोडा, कपड्यांचं ब्लीच हे तोंडाजवळ आणूच नका. खाण्यात मिसळायच्या डागनाशक पावडरी ऑनलाइन मिळतात, त्यांतल्या काहींत टायलोसिन हे प्रतिजैविक निघालं होतं. २०१४ साली अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनाने (एफडीए) अशा उत्पादकांना ताकीद दिली होती. निव्वळ दिसण्यासाठी कुत्र्याला अँटिबायोटिक चारणं मला तरी मान्य नाही. वास जातच नसेल तर डॉक्टर तिथला नमुना घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली यीस्ट बघतात आणि त्यावरचा शाम्पू किंवा वाइप्स देतात. ते नेमकं औषध, आणि तेही डोळ्यांपासून लांब ठेवून वापरायचं.

एक गोष्ट मात्र आजच बघा. डाग दोन्ही बाजूंना सारखा आहे की एकीकडे जास्त? माझ्याकडे ल्हासा जातीचा एक कुत्रा यायचा, डावीकडची दाढी विटकरी आणि उजवी जवळजवळ स्वच्छ. ओठ वर केला तर डावीकडच्या मागच्या दाढेवर किटणाचा थर, हिरडी सुजलेली, लाळ त्याच बाजूने गळत होती. तिथे मी कंगवा खाली ठेवला आणि त्यांना दातांसाठी डॉक्टरांकडे पाठवलं. दात साफ झाल्यावर नवे केस पांढरे आले. लहान जातींत दुधाचे दात न पडता पक्क्या दातांशेजारी तसेच राहतात, तिथेही घाण साठते. पिल्लू सहा-सात महिन्यांच्या आतलं असेल तर दात येताना लाळ आणि डोळ्यांचं पाणी जास्तच असतं, थोडं थांबा. डोळ्यांचं पाणी गालावरून दाढीत उतरत असेल तर मूळ दुखणं डोळ्यात शोधा. पापणीचा केस टोचत असेल किंवा अश्रूंची नळी बंद असेल, तर दाढी कितीही पुसून भागणार नाही.

आणि जे केस आत्ता तांबडे झालेत ते पांढरे होणार नाहीत, हे मनाशी धरून ठेवा. ते वाढून कापूनच जातात आणि त्याला काही महिने लागतात. ग्रूमरकडे गेलात तर "तोंड आखूड करा" एवढंच सांगू नका, नाहीतर भादरून मिळेल. ओठाखालचे आणि हनुवटीचे केस बोटभर ठेवून गोल करा, असं सांगा. घरी कापणार असाल तर बोथट टोकाची कात्री घ्या, दुसऱ्या कुणाला तरी कुत्रं धरायला सांगा, आणि कात्री चालवण्याआधी जीभ आत आहे ना ते बघा.