तरंगणाऱ्या वांग्याचं वजन काट्यावर येतं का?

तुम्ही विचारलंय की पाण्याने भरलेली बादली काट्यावर ठेवली आणि त्यात एखादी वस्तू तरंगत असली तर तिचं वजन काट्यावर येतं का, कारण तिला तर पाण्यानेच उचलून धरलंय. येतं भाऊ, आणि पूर्ण येतं.

मी जळगावकडचा, थंडीत घरात भरताची वांगी असतातच, तर तेच घेऊन करून बघितलं. बादली पाण्यासकट 8 किलो 200 ग्रॅम, बामणोदचं मोठं हिरवं वांगं 640 ग्रॅम, पाण्यात सोडलं तर मस्त तरंगलं आणि काटा दाखवतो 8.840. पाणी वांग्याला जेवढं वर ढकलतं तेवढंच वांगं पाण्याला खाली दाबतं, तो दाब बादलीच्या बुडापर्यंत जातो न् बुडाखाली काटाच आहे, मग वजन जाणार कुठे?

लोकांचा घोळ होतो विहिरीमुळे. घागर पाण्यात असेपर्यंत हलकी लागते, पाण्याबाहेर आली की हाताला ओढ बसते, म्हणून वाटतं पाण्यात वजन नाहीसं होतं, पण तेवढा वेळ तो भार विहिरीच्या तळावर असतो.

बादली काठोकाठ भरलेली असेल तर मात्र काटा जवळजवळ हलत नाही, कारण वांग्याच्या वजनाइतकं पाणी सांडून जातं. हा आर्किमिडीजचा नियम, इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातला. बादली परातीत ठेवून सांडलेलं पाणी मोजा, 5-10 ग्रॅम इकडेतिकडे होईल कारण काठावर पाणी जरा फुगून थांबतं.

खरी मजा बुडणाऱ्या वस्तूत आहे, हे नक्की करून बघा. आमचा काळ्या दगडाचा वरवंटा दीड किलोचा, तो दोरीला बांधून त्याच बादलीत (वांगं काढून, पाणी न सांडता) पूर्ण बुडवला पण बुडाला टेकू दिला नाही, तर काटा फक्त 520 ग्रॅमने वाढला, म्हणजे वरवंट्याने जेवढी जागा घेतली तेवढ्या पाण्याचं वजन, एक लिटर म्हणजे एक किलो या हिशोबाने साधारण अर्धा लिटर. बाकीचे 980 ग्रॅम माझ्या हातात होते, दोरी धरून ते जाणवतातच. मग हळूच दोरी सैल सोडली, वरवंटा बुडाला टेकला आणि काटा थेट 9.700.