मनीच्या पंजाला कौल लागले

प्रश्न : आमचे घर खानापूर तालुक्यात असून कौलारू आहे. पावसाळ्यापूर्वी घर शाकारताना फुटलेल्या कौलाचा तुकडा अंगणात राहिला आणि काल आमच्या मनीच्या पुढच्या पंजाच्या गादीला काप गेला. रक्त थांबले आहे आणि ती जेवते, पण लंगडते व जखम सारखी चाटते. सासूबाई हळद-तेल लावायला सांगतात. दुखणे कमी व्हावे म्हणून अर्धी पॅरासिटामॉलची गोळी दुधातून द्यावी का?
– एक वाचक भगिनी

उत्तर : गोळीचे आधी सांगते : ती मुळीच देऊ नका. माणसाचे यकृत हे औषध ज्या रीतीने निकामी करते, ती क्षमता मांजरात फार दुबळी असल्यामुळे अर्ध्या गोळीनेही तिच्या तांबड्या रक्तपेशींना इजा होऊन जीव जाऊ शकतो. आयब्युप्रोफेनही घातकच आहे. गोळी दिली गेलीच असेल, तर लक्षणांची वाट न पाहता लगेच पशुवैद्याकडे जावे.

मांजराच्या पायाला आपण जे लावतो ते सारे चाटून तिच्या पोटात जाते, हे धरूनच पुढचे ठरवावे. पाण्यात घातल्यावर दुधासारखी पांढरी होणारी घरगुती जंतुनाशके म्हणूनच वर्ज्य आहेत. सासूबाईंचा हेतू मायेचा आहे, पण तेलाला अंगणातली माती चिकटते आणि जखम उलट मळते.

अर्धा लिटर पाणी उकळून कोमट होऊ द्यावे आणि त्यात चहाचा एक सपाट चमचा मीठ विरघळवावे. एकाने मनीला जाड टॉवेलात गुंडाळून फक्त दुखरा पाय बाहेर ठेवावा, दुसऱ्याने बिनसुईच्या सिरिंजने जखमेवर पाण्याची धार सोडावी. बोटे हलकेच फाकवून उजेडात पाहावे, कारण कौलाची तांबडी कपची ओल्या केसांत रक्तासारखीच दिसते. वर दिसणारी कपची चिमट्याने काढावी. खोल रुतलेली असेल तर उकरू नये. नंतर पोव्हिडोन आयोडीन फिक्क्या कोऱ्या चहाच्या रंगाइतके पातळ करून कापसाने पुसावे आणि पंजा टिपून कोरडा करावा. असे दिवसातून दोनदा पुरे.

पट्टी शक्यतो बांधू नये. ती आवळली गेली तर बोटे सुजतात आणि पावसाच्या दिवसांत खाली ओल कोंडते. चाटणे थांबवण्यासाठी गळ्यात नरसाळ्यासारखी, तोंड पंजापर्यंत पोचू न देणारी कॉलर घालावी. मनीला घरातच ठेवावे आणि तिच्या शौचाच्या पाटीत मातीऐवजी वर्तमानपत्राचे कपटे घालावेत. गादीवर प्रत्येक पावलाचा भार येत असल्याने ही जखम इतर जागेपेक्षा सावकाश भरते, तेव्हा धीर धरावा लागेल.

धुताना ती चावली किंवा ओरखडली, तर ती जागा साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी व रेबीजच्या लशीबद्दल त्याच दिवशी डॉक्टरांना विचारावे.

पुन्हा रक्त आल्यास स्वच्छ कापड दहा मिनिटे न उचलता दाबून धरावे. तरीही ते थांबले नाही, काप उघडा राहिला, सूज, दुर्गंधी किंवा पू दिसला, दोन दिवसांत लंगडणे कमी झाले नाही किंवा तिने दिवसभर अन्न सोडले, तर घरचे उपचार थांबवावेत. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात गाई-म्हशींचीच गर्दी अधिक असते, म्हणून आधी फोन करून विचारावे आणि मनीला हातात न धरता, वर कापड घट्ट बांधलेल्या बुट्टीतून न्यावे.