शेवट दाखवू का नको?

प्रश्न : दादा, मी आणि माझा चुलतभाऊ मिळून एक छोटा पीसी गेम बनवतोय. बंद पडलेल्या वाड्यातला हॉरर आहे, चारेक तासांचा. आता स्टीमवर (पीसी गेम विकायचं ऑनलाइन दुकान) टाकायला ट्रेलर हवाय आणि त्यावरून घरात रोज भांडण. भाऊ म्हणतो शेवटचा सीन सगळ्यात भारी झालाय, तो थोडा तरी दाखवू, नाहीतर कोण घेणार? मी म्हणतो मग खेळायला उरलं काय? कारण आमच्या गोष्टीत शेवटी कळतं की... (पुढच्या दोन ओळी मी कापल्यात.) ट्रेलर सध्या 3 मिनिटांचा झालाय, लिंक सोबत दिलीये. – एक वाचक, कराड

उत्तर : अरे बाबा, पत्रातच अख्खा शेवट सांगून मोकळा झालास! आणि खरं सांगू का, शेवट भारीच आहे, पण तो कळल्यावर मला वाड्यात शिरायचीच गरज वाटेना. भावाला एवढं सांग फक्त.

माझा साधा हिशोब असा की ट्रेलरमधलं सगळं गेमच्या पहिल्या अर्ध्या-पाऊण तासातलं असावं, आणि त्यात हाताला काय करायला मिळणार ते दिसावं. आपल्या पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ घे, 2020 चा. छोट्या भावाला असुर पळवून नेतात आणि बहीण त्याला शोधायला निघते, एवढं कळलं की पुरे, बाकी तिच्या उड्या, मारामारी आणि तो राजस्थानी थाटाचा महाल बघूनच माणूस गेम घेतो, भाऊ सापडला का नाही हे कशाला सांगायचं? 2006 चा ‘पोर्टल’चा ट्रेलर तर कंपनीच्या डेमोसारखा केलाय, इकडच्या भिंतीतून घुसायचं तिकडून निघायचं, नियम सगळे समजतात आणि गोष्टीचा पत्ता नाही. मला विचारशील तर आजवरचा सगळ्यात हुशार ट्रेलर.

आता काहीजण थेट थापाच मारतात. ‘मेटल गिअर सॉलिड 2’च्या ट्रेलरमध्ये जिकडं तिकडं आधीच्या गेमचा हिरो स्नेक, आणि 2001 मध्ये गेम आला तेव्हा कळलं की सुरुवातीचा जहाजावरचा भाग संपला की बराचसा गेम दुसऱ्याच पोराला घेऊन खेळायचाय (वीस वर्षं होऊन गेली, आता कसला स्पॉयलर, म्हणजे गुपित फोडणं). लोक जाम चिडले होते. ‘द लास्ट ऑफ अस पार्ट 2’वाल्यांनी पण ट्रेलरच्या एका सीनमध्ये भलत्याच माणसाला उभं केलं होतं, कोण ते सांगत नाही, खेळला नसशील तर शिव्या घालशील. पण त्यांच्या मागे आधीच्या गेमचं नाव होतं रे, त्यांना खपून गेलं. तुम्ही नवखे, तुम्ही लपवा, पण खोटं दाखवू नका. ‘डेड आयलंड’चा 2011 चा ट्रेलर आठव, सुट्टीवर आलेलं कुटुंब, लहान मुलगी, सगळं उलटं चालणारं, आपण सुन्न. आणि गेम घेतला तर तासन्‌तास झोंबी बडवायचे आणि मोडलेली हत्यारं दुरुस्त करायची. स्पॉयलर एक नाही, पण ती कळवळ्याची गोष्ट पण नाही!

तुझा ट्रेलर बघितला. पहिली 20 सेकंद नुसते लोगो, तुमचा, मग गेम ज्यावर बनवलाय त्या इंजिनचा (सॉफ्टवेअरचा), मग परत तुमचा, कशाला? तेवढ्यात लोक पुढं निघून जातात. मधला आजोबांचा आवाज गोष्टच सांगत बसलाय तो उडवा, आणि एकदा आवाज बंद करून बघा, तरी काही कळतंय का. 1 मिनिट 10 सेकंदाला ती मुलगी कंदील घेऊन माडीवर चढते आणि खालून कोणीतरी तिला तिच्याच आवाजात हाक मारतं ना, माझ्या अंगावर काटा आला तिथं. तिथंच तोडा. गेमचं नाव, तारीख, झालं.

आणि हो, स्टीमच्या पानासाठी जे फोटो निवडलेत त्यातला चौथा बघ. शेवटच्या सीनचाच आहे तो, भावानं गुपचूप घुसवलाय. काढ.