एक्झुमाला कुठली डिंगी न्यावी?

प्रश्न: आम्ही फ्लोरिडात राहतो, मित्राबरोबर पार्टनरशिपमध्ये ३६ फुटी सेलबोट घेतलीये आणि डिसेंबरात ३ आठवडे बहामातल्या एक्झुमा बेटांवर जायचा प्लॅन आहे, आम्ही दोघं नि २ मुलं. किनाऱ्यावर जायला एक गुंडाळून ठेवता येणारी ८ फुटी पीव्हीसीची डिंगी (हवा भरायची छोटी होडी) आणि अडीच हॉर्सपॉवरचं इंजिन स्वस्तात मिळतंय, घेऊ का? आणि बरोबर काय काय न्यायचं?

उत्तर: नका घेऊ हो! तिकडे डिंगी म्हणजे घरची स्कूटर, ब्रेड आणण्यापासून मुलांच्या भटकंतीपर्यंत सगळं तिच्यावरच, आणि दोन बेटांमधल्या खिंडीत भरती-ओहोटीचा ओढ इतका असतो की चार जणं बसल्यावर अडीचचं इंजिन नुसतं घुरघुरतं, होडी जागची हलत नाही. १० फुटी, तळ अॅल्युमिनियमचा, ट्यूब हायपलॉनच्या, म्हणजे उन्हात टिकणाऱ्या रबरी कापडाच्या, अशी बघा (तिथल्या उन्हात पीव्हीसी काही वर्षांत चिकट व्हायला लागतं). इंजिन ९.९ चं. १५ चं जास्त पळतं, मान्य, पण फोरस्ट्रोक असेल तर वजन ५० किलोच्या आसपास, ते रोज वर कोण चढवणार? गल्फ स्ट्रीम (फ्लोरिडा आणि बहामाच्या मधला, उत्तरेकडे वाहणारा जोरदार समुद्रप्रवाह) ओलांडताना डिंगी मागे ओढत नेऊ नका, पुढच्या डेकवर उपडी बांधा, इंजिन काढून मागच्या रेलिंगला. आणि उत्तरेचा वारा असेल तर निघूच नका, प्रवाहाच्या उलट वाऱ्याने लाटा उभ्या राहतात.

सामानात किल कॉर्ड पहिली (चालवणाऱ्याला बांधायची दोरी, तो पडला की इंजिन बंद), अमेरिकेत १ एप्रिल २०२१ पासून २६ फुटांखालच्या, ३ हॉर्सपॉवर किंवा जास्त इंजिनच्या बोटींना ती लावणं कायद्यानेच आलंय, पण कायदा राहू दे, चालवणारा पाण्यात पडला आणि मोकळी होडी पंखा फिरवत गोल गोल फिरायला लागली तर काय, एवढं आठवा. मग वल्ही, साखळीवाला छोटा नांगर, हातपंप, पॅचचा गोंद, हातात धरायचा व्हीएचएफ रेडिओ, पांढरा दिवा, मुलांच्या मापाची जॅकेटं (मोठ्यांची चालत नाहीत, वर सरकतात). रात्री डिंगी पाण्यातून वर उचलून साखळीने लॉक करा.

स्टॅनिएल के या बेटाजवळच्या थंडरबॉल या समुद्रातल्या गुहेत ओहोटी थांबते तेव्हाच जा, डिंगी बाहेर बांधून. आणि बिग मेजर बेटावरच्या पोहणाऱ्या डुकरांपाशी होडी किनाऱ्याला लावू नका, खायला मिळेल म्हणून ती थेट ट्यूबवर पाय टाकतात, मुलं हसतील पण पॅच तुम्हालाच लावावा लागेल.